खंडेनवमीचा पंप

मी कुणावर सहजासहजी विश्वास ठेवत नाही, हे मी बरीच वर्षं अभिमानानं सांगत आलो. वाशीमहून पुण्याला आलो तेव्हा पहिल्याच महिन्यात एका एजंटानं मला फसवलं, दुसऱ्या महिन्यात एका जुन्या फ्रिजवाल्यानं, आणि तिसऱ्या महिन्यापासून मी हुशार झालो. हुशार म्हणजे काय, तर भाजीवाल्याच्या काट्याकडे टक लावून बघायचं, रिक्षात बसल्यावर मोबाइलवर नकाशा उघडून धरायचा आणि गाडी गॅरेजला दिली की काढलेला प्रत्येक जुना पार्ट परत मागायचा. न जाणो, बदललाच नसेल तर? खराडीतल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत त्यासाठी एक गोणी ठेवलेली आहे. झिजलेले ब्रेक पॅड, काळे फिल्टर, चिरलेले पट्टे, सगळा पुरावा तिच्यात जमा आहे. माझी बायको भाग्यश्री जन्मानं पुणेकर असल्यामुळे भांडत नाही, एकदाच काय ते बोलते. "अजून दोन वर्षं थांब," ती म्हणाली होती, "आत एक अख्खी गाडी तयार होईल."

अख्खी गाडी खाली पार्किंगमध्ये होतीच. बारा वर्षांची, तिसऱ्या हाताची, टर्बो. ती मी का घेतली, याचं प्रामाणिक उत्तर एवढंच की तिच्या मागच्या दारावर 'टर्बो' असं लिहिलेलं होतं. ऑफिस घरापासून तीन किलोमीटरवर. त्या रस्त्यावर सकाळी सायकलवाले मला मागे टाकतात. पण सिग्नलला उभा असताना मागच्या माणसाला ती अक्षरं दिसत असणार, या विचारानं मला बरं वाटायचं.

ही गाडी सांभाळायचे हिंदुराव. वय साठीच्या आसपास, गाव लोणी काळभोर. सोलापूर रस्त्याला लागून त्यांचं पत्र्याचं गॅरेज आहे. भावांनी आपापल्या वाटणीच्या जमिनीवर प्लॉट पाडले, मंगल कार्यालय काढलं, गळ्यात चेन घातल्या. हिंदुरावांनी आपल्या तुकड्यावर शेड टाकली. आधी उसाचे ट्रॅक्टर, मग ट्रक, मग शहर सरकत सरकत त्यांच्या दारात आलं तशा आमच्यासारख्यांच्या गाड्या. दर रविवारी ते जुन्या स्कूटरवर हत्यारांची पेटी बांधून आमच्या सोसायटीत यायचे. वीस-पंचवीस गाड्यांचं काम त्यांच्याकडे होतं. बोलताना ते माणसाकडे बघायचे नाहीत, बॉनेटकडे बघायचे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटायचे आणि मग निकाल द्यायचे. मीही त्यांच्या शेजारी उभा राहून, काही कळत नसताना, मान हलवायचो.

यंदा नवरात्राच्या आधी गाडी तापायला लागली. मुंढव्याच्या पुलावर चढलं की टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्याकडे निघायचा. कुठं गळती नव्हती, कूलंट पुरेपूर होतं. एका चकचकीत गॅरेजवाल्यानं सांगितलं की इंजिन उघडावं लागेल. दुसऱ्यानं रेडिएटर बदला म्हणून सांगितलं. मी व्हिडिओ बघून थर्मोस्टॅटवर संशय घेतला होता. शेवटी गाडी लोणीला नेली. हिंदुरावांनी अर्ध्या दिवसात पाण्याचा पंप काढून हातात घेतला. हा पंप इंजिनातून कूलंट फिरवत ठेवतो. त्याचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं, पाणी ढकलणारा पंखा मात्र प्लॅस्टिकचा. पंप दिसायला धडधाकट होता. गरागरा फिरतही होता.

"शालू, आधण ठेव," त्यांनी आत हाक दिली.

शालूताई म्हणजे त्यांच्या पत्नी. गॅरेजच्या मागच्याच खोलीत घर. मला वाटलं, चहा येतोय. आलं ते उकळत्या पाण्याचं पातेलं. हिंदुरावांनी पंप त्यात पाच मिनिटं बुडवला, फडक्यानं बाहेर काढला, पंखा घट्ट धरला आणि माझ्यापुढे करून म्हणाले, "आता पुली फिरवा."

मी पुली फिरवली. पुली फिरली, पंखा जागच्या जागी.

"पंख्याला आतनं केसाएवढी चीर हाय. गार हाय तवर नवरा-बायको. तापलं की ह्यो हिकडं अन ती तिकडं," ते म्हणाले. "डोळ्याला न्हाई दिसायचं. नवा टाकू."

इथं एखाद्या शहाण्या माणसानं हात जोडले असते. मी म्हणालो, "पार्ट मी ऑनलाइन मागवतो. आणि हा जुना मला द्या."

त्यांनी जुना पंप वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. गाडी तशीच उघडी त्यांच्या शेडमध्ये राहिली. आठ दिवसांनी, अष्टमीला, नवा पंप कुरिअरनं घरी आला.

त्या वेळी आई, मालनबाई, वाशीमहून आमच्याकडे आली होती. खंडेनवमीला हत्यारांची, वाहनांची पूजा करायची हे तिच्या दृष्टीनं श्वास घेण्याइतकंच पक्कं. पण गाडी लोणीला. मग पूजायचं काय?

"त्या गाडीचं जे काही घरात हाये, ते काढ," आई म्हणाली. "तेच पाटावर ठेवू."

मी ऑफिसच्या कॉलवर होतो. एका हातानं नवा खोका दाखवला, दुसऱ्या हातानं वर्तमानपत्राचं पुडकं. कॉल दोन तास चालला. मधे एकदा पाण्याला उठलो तेव्हा पाटावर दोन पंप मांडलेले दिसले. एक राखाडी, मळकट वाटावा असा. दुसरा लखलखीत. दोघांनाही हळद-कुंकू, दोघांनाही झेंडूचं फूल. मी लांबूनच नमस्कार केला आणि परत कॉलवर गेलो. संध्याकाळी खोका टेबलावर, पुडकं गोणीत. सगळं जिथल्या तिथं होतं, असं मला वाटलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी खोका घेऊन लोणीला गेलो. दोन दिवस हत्यारं पूजेत असल्यामुळे हिंदुरावांकडे गाड्यांची रांग लागली होती. टेबलावर दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचा काढलेला पंप पडलेला होता. त्यांनी माझा खोका उघडला, पंप उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिले.

"ह्याचा चेहरा वळखीचा वाटतोय, साहेब."

"एका कंपनीचे सगळे सारखेच दिसणार," मी म्हणालो.

"आन हे लाल?"

"कुंकू. आईनं पूजा केलीय."

त्यांनी पंप कपाळाला लावला. मग थोडं थांबून म्हणाले, "एकदा आधणात बुडवून बघतो. पाच मिन्टं लागतील."

"नवा पार्ट उकळत्या पाण्यात? अहो, वॉरंटी जाईल."

हे मी कुठंही वाचलेलं नव्हतं. त्या क्षणी सुचलं आणि इतक्या ठामपणे म्हणालो की मलाही पटलं. हिंदुराव वॉरंटीपुढे गप्प बसले आणि त्यांनी पंप बसवला. खराडीला परत येताना काटा थोडासा वर सरकला. मी मनाशी म्हटलं, नवी चप्पल नाही का चावत, पंपही रुळेल.

कोजागिरी झाल्यावर आईला गावी सोडायला निघालो. नगर रस्त्यानं रांजणगावच्या पुढे गेलो आणि काटा जो चढला तो लाल पट्ट्यात जाऊनच थांबला. बॉनेटमधून वाफ. आईनं शांतपणे विचारलं, "हे टर्बो का?" मी गाडी कडेला घेतली.

रस्त्याकडेच्या एका गॅरेजवाल्यानं गाडी आत ओढून घेतली. आई तिथंच बाजेवर आडवी झाली. दुपारपर्यंत त्या माणसानं पंप काढला, पंखा हलवून बघितला आणि हसला. "साहेब, कुणी बसवला? जुना माल हाय. घासून चमकवलाय नुसता."

माझ्या डोक्यात सगळं फटाफट जुळलं. त्या दिवशी हिंदुरावांच्या टेबलावर पडलेला दुसरा जुना पंप. तो माझ्या गाडीत घातला आणि माझा नवा कुणा दुसऱ्याला विकला. म्हणूनच ते 'ओळखीचा चेहरा' वगैरे म्हणत होते. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर रागापेक्षा आनंद जास्त झाला. इतकी वर्षं मी ज्यासाठी गोणी भरत होतो, ते अखेर घडलं होतं. मी पंपाचा फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर सविस्तर लिहिलं. 'सावधान' अशी सुरुवात, 'असे चोर आपल्या गेटमधून आत येतात' असा शेवट. मधे तीन मुद्दे, क्रमांक घालून.

दहा मिनिटांत साठ अंगठे आले. ज्यांच्या गाड्या हिंदुरावांनी पंधरा-पंधरा वर्षं चालवून दाखवल्या होत्या, त्यांनाही अचानक आठवलं की आपल्याला संशय होताच. आमचा सेक्रेटरी तेजस तर अशा संधीची वाटच बघत असतो. त्यानं लिहिलं, 'सदर इसमास उद्यापासून प्रवेश बंद. सिक्युरिटीने नोंद घ्यावी.' मी त्याला हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

तेवढ्यात आई उठली. पदर सारखा करत माझ्याजवळ आली आणि माझ्या हातातला पंप बघून तिचा चेहरा फुलला.

"हा त आपलाच. अजून कसा चमकून राह्यला, पाह्य."

"कुठला आपला?"

"वर्तमानपत्रातला. लयच कळकट होता. देवापुढे तसा ठेवू का? मीच चिंच-मीठ लावून घासला. मंग एवढा चांगला झाला त म्हटलं खोक्यात ठेवावा. तो दुसरा मळका होता, तो ठेवला पेपरात गुंडाळून."

गॅरेजवाला पाठ करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

नवा पंप बाल्कनीतल्या गोणीत होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिली होती, आता जगात उपयोग करून दाखवली होती. आईचा यात काही दोष नव्हता. तिनं देवापुढे स्वच्छ वस्तू ठेवली. उघडून बघायचं काम माझं होतं. आणि ज्या एका माणसानं बघतो म्हटलं, त्याला मीच बघू दिलं नव्हतं.

मी फोन हातात घेतला आणि मेसेज काढून टाकला. पण त्याखालची साठ-सत्तर उत्तरं तशीच राहिली. लगेच हिंदुरावांना फोन करावा, असं मनात आलं. मग वाटलं, आधी आईला एसटीत बसवू. मग वाटलं, गाडी दुरुस्त होऊ दे. मग वाटलं, घरी पोचल्यावर नीट बोलू. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली की नंतर संन्याशाच्या घरी जायला पाय उचलत नाहीत, हे त्या म्हणीत कुणी घातलेलं नाही.

असे नऊ दिवस गेले. त्यात मी ग्रुपसाठी सात खुलासे लिहिले आणि पुसले. 'काही तांत्रिक गैरसमजामुळे' हा त्यातला सगळ्यात चांगला होता, कारण त्यात मी कुठंच नव्हतो. मधल्या रविवारी गेटवर हिंदुरावांना परत पाठवलं. ते मी वरून, बाल्कनीतून, गोणीच्या शेजारी उभा राहून बघितलं. वॉचमननं हात आडवा केला, हिंदुराव काहीतरी बोलले, मग स्कूटर वळवून गेले. त्यांनी मला दोनदा फोन केला. शिव्या देतील या भीतीनं मी उचलला नाही. आईनं वाशीमहून विचारलं, "त्या बिचाऱ्याले सांगितलं नं?" मी हो म्हणालो. चाळिशीला आलेला मी, आईशी खोटं बोललो, तेही एका पंपावरून. त्या रात्री मला माझी लाज वाटली, आणि ती लाज विनोद करून जाईना.

नवव्या दिवशी भाग्यश्रीनं तिच्या स्कूटीची किल्ली टेबलावर ठेवली. "तू लोणीला जातोस की मी जाऊ?" एवढंच म्हणाली. मी गेलो. वाटभर वाक्यं जुळवली. 'चुकून' हा शब्द किती वेळा घालता येईल, याचा अंदाज घेत होतो.

गॅरेजमध्ये एकही गाडी नव्हती. जमिनीवर पोती अंथरलेली आणि त्यांवर गेल्या कित्येक वर्षांचं भंगार पसरलेलं होतं. पंप एका बाजूला, पट्टे एका बाजूला, सगळं निवडून. हिंदुराव त्यात उकिडवे बसले होते. मला बघून उठले. शिव्या दिल्या नाहीत. आत गेले आणि एक नवाकोरा खोका आणून माझ्या हातात दिला. त्याच पंपाचा.

"फोन केलावता दोनदा," ते म्हणाले. "गेटवर वॉचमननं सांगितलं, तुम्ही काय लिवलंय ते. समदं भंगार उलथंपालथं केलं, तुमचा नवा काय घावला न्हाई. कुणाच्या गाडीत गेला, आठवत न्हाई. त्या दिशी टेबलावर दुसरा पंप व्हता, हात तिकडं गेला आसंल. चूक माझीच. हा घ्या, मी बसवून देतो."

मी खोका उलटसुलट करून बघितला.

"चाळीस वर्सांत आसं झालं नव्हतं," ते पुढं म्हणाले. ते आज बॉनेटकडे बघत नव्हते, समोर बॉनेट नव्हतंच. स्वतःच्या हातांकडे बघत होते. "पन आता वय झालं. नजर गेली म्हणायची. परवा एक गाडी आली इंजिनाच्या कामाला, माघारी धाडली. म्हणलं, आपल्या हातानं आजून कुणाचं वाटुळं नको. आता पंक्चर बिंक्चर बघंन."

शालूताई दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि परत नवऱ्याकडे.

तेव्हा माझ्या मनात काय आलं, ते लिहायला नको, पण लिहितो. मनात आलं की खोका घ्यावा. कुणाला कधीच कळणार नाही. त्यांनी चूक कबूल केली, मी मोठ्या मनानं माफ केलं, ग्रुपवर तसं लिहिलं, की गेट पुन्हा उघडेल. हिंदुरावांचं काम सुरू होईल, माझी लाज झाकली जाईल. हा विचार नीट, पायऱ्यापायऱ्यांनी, मला सुचला. मी किती चलाख आहे, ते मला त्या दोन सेकंदांत पूर्ण कळलं.

मग मी खोका पोत्यावर ठेवला आणि सांगितलं. आई, चिंच, वर्तमानपत्र, गोणी, सगळं. रांजणगावलाच मला कळलं होतं, हेही सांगितलं. 'चुकून' हा शब्द एकदाही वापरता आला नाही.

हिंदुरावांनी हात पोत्याला पुसले. मग त्यांनी विचारलं, "म्हंजी मी बसवला तो तुम्ही दिलेलाच?"

"हो."

"दुसऱ्याचा न्हाई?"

"नाही."

"मंग माझं हात बरं हायत," ते म्हणाले आणि खाली पोत्यावर बसले. त्यांनी तोंडावरून हात फिरवला. माझ्यावर रागवायचं त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं, आणि ते मला सहन होईना.

मी तिथंच उभ्या उभ्या ग्रुपवर लिहिलं. या वेळी क्रमांक घातले नाहीत. पाठवलं आणि फोन खिशात ठेवू लागलो तर शालूताई पुढे आल्या.

"काय लिवलं?"

"त्यांची चूक नव्हती, असं."

"वाचा की. ह्यांनाबी ऐकू द्या. गेटवरनं माघारी आल्यापासनं नीट जेवल्यालं न्हाईत."

मी वाचलं. "हिंदुरावांनी माझ्या गाडीत दुसऱ्याचा पंप घातला नव्हता. माझाच जुना पंप मी त्यांना नवा म्हणून दिला. ते तपासतो म्हणाले होते, मी तपासू दिलं नाही. त्यांना मी चोर म्हणालो, ते खोटं होतं. हे मला त्याच दिवशी कळलं होतं आणि नऊ दिवस मी गप्प बसलो. शुभंकर, बी सातशे चार."

हिंदुराव खाली बघत ऐकत होते. शालूताई हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"मधला एक शबुद तोंडातल्या तोंडात म्हणलात," त्या म्हणाल्या. "तिकडं समद्यांना मोठ्यानं सांगितलावता. परत वाचा."

मी परत वाचलं.